देवाने आधीच निवडले असेल, तर माणसाच्या हाती काय उरते?

ख्रिस्ती धर्माविषयी थोडेफार वाचलेल्या मराठी वाचकाला प्रेम, क्षमा आणि सेवा या कल्पना परिचयाच्या असतात. पण देवाने काही माणसांना जगाच्या उत्पत्तीपूर्वीच तारणासाठी निवडून ठेवले आहे, हे वाक्य समोर आले की तो थबकतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाक्य माक्स वेबर यांच्या भांडवलशाहीवरील विवेचनात भेटते आणि बहुधा तेथे ते चार ओळींत उरकलेले असते. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात वाढलेल्या तरुणांना ते अलीकडे इंटरनेटवरील परदेशी प्रवचनांतून भेटू लागले आहे, आणि त्याबरोबर ‘कॅल्विनवादी’ व ‘आर्मिनियन’ ही चारशे वर्षांपूर्वीची विशेषणेही येऊन पोहोचली आहेत. या सिद्धान्ताची टर उडवणे सोपे आहे आणि त्याचा धाक घालणे त्याहून सोपे. तो शांतपणे समजून घेतला पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण त्याच्या मुळाशी प्रत्येक श्रद्धावान माणसाला कधी ना कधी पडणारा एक खरा प्रश्न आहे.

मूळ प्रश्न

एकाच घरात वाढलेल्या दोन भावांनी एकच उपदेश ऐकला. एकाचे मन वळले आणि त्याने विश्वास ठेवला. दुसरा होता तसाच राहिला. हा फरक कशामुळे पडला? पहिला अधिक समंजस किंवा अधिक नम्र होता, असे उत्तर दिले तर तारणाचे श्रेय अखेर त्याच्या अंगच्या गुणाला जाते आणि मग देवाच्या कृपेपुढे कृतज्ञ होण्याऐवजी स्वतःची पाठ थोपटायला जागा उरते. देवाने पहिल्याच्या अंतःकरणात काम केले म्हणून तो वळला, असे उत्तर दिले तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: मग देवाने दुसऱ्याच्या अंतःकरणात ते का केले नाही? पंधराशेहून अधिक वर्षांचा सगळा वाद या दोन उत्तरांच्या दरम्यान घडलेला आहे.

पुढे जाण्यापूर्वी पाच शब्दांचे अर्थ निश्चित करू. पाप आणि मरण यांतून सुटून माणसाचा देवाशी कायमचा समेट होणे, हे तारण. माणसाच्या लायकीकडे न पाहता देवाने त्याच्यावर केलेला उपकार, ही कृपा. कोणाला तारावे याविषयी देवाने स्वतःच्या इच्छेने केलेली ठरवणी, ही निवड. आणि ती ठरवणी काळाच्या आरंभापूर्वीच झालेली असून तिचा शेवटही निश्चित आहे, या शिकवणुकीला पूर्वनियोजन म्हणतात. ज्यांची निवड झाली नाही त्यांच्या बाबतीत ‘अव्हेर’ हा शब्द वापरतात, आणि सर्वांत तीव्र मतभेद याच शब्दाभोवती आहेत.

हे ऐकताच आपल्याकडील वाचकाला प्रारब्ध आठवते. हे साम्य वरवरचे आहे. प्रारब्ध हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ मानले जाते. म्हणजे त्यात हिशेब असतो आणि तो आपला स्वतःचा असतो. निवडीच्या सिद्धान्ताचा सगळा भर याच्या उलट बाजूला आहे. माणसाने पूर्वी काय केले किंवा पुढे काय करणार आहे, यातील काहीही निवडीचे कारण नाही, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय कोणाची नोकरी जाणार आणि कोणाचे लग्न कोठे जुळणार, अशा रोजच्या घडामोडींविषयी हा सिद्धान्त बोलत नाही. त्या गोष्टी देवाच्या सर्वसाधारण जगद्व्यवस्थेत येतात. येथे प्रश्न आहे तो माणसाच्या अंतिम गतीचा.

पवित्र शास्त्रात काय आहे

निवडीची कल्पना सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन यांनी शोधून काढली, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की ती जुन्या कराराच्या गाभ्यातच आहे. त्यातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएल लोकांना स्पष्ट सांगितले आहे की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडले नाही. तुम्ही तर सर्व राष्ट्रांत लहान होता, पण त्याचे तुमच्यावर प्रेम होते. मात्र येथील निवड एका समाजाची आहे आणि ती एका कामासाठी आहे. अब्राहामाला बोलावतानाच देवाने सांगितले होते की तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील.

नव्या करारात प्रेषित पौलाने हा विषय रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सर्वांत विस्ताराने हाताळला आहे. नवव्या अध्यायात तो याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचे उदाहरण देतो: दोघांचा जन्म झालेला नव्हता, त्यांनी बरेवाईट काहीही केले नव्हते, तरी देवाने धाकट्याला निवडले. त्यानंतर देवाने मिसरचा राजा फारो याचे मन कठीण केल्याचा उल्लेख येतो, आणि एकाच गोळ्यापासून वेगवेगळी पात्रे घडवण्याचा कुंभाराला अधिकार नाही काय, असा प्रश्न येतो. पुष्कळ वाचक येथेच थांबतात, आणि ही मोठी चूक आहे. पौलाचा युक्तिवाद नऊ, दहा आणि अकरा या तीन अध्यायांत मिळून पूर्ण होतो. इस्राएलातील बहुतेकांनी येशूला ख्रिस्त म्हणून स्वीकारले नाही, मग देवाने दिलेले वचन फसले काय, या वेदनेतून तो लिहीत आहे. आणि अकराव्या अध्यायाच्या अखेरीस तो येऊन पोहोचतो तो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून, या वाक्यापाशी. ज्याला या विषयावर मत बनवायचे असेल त्याने हे तीन अध्याय एका बैठकीत वाचावेत.

शास्त्राची दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. दुर्जनाच्या मरणात मला संतोष नाही, त्याने आपल्या मार्गापासून वळावे यात संतोष आहे, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो. यरुशलेमेच्या लोकांना मी कितीदा जवळ करू पाहिले, पण तुमची इच्छा नव्हती, असे येशूचे उद्गार मत्तयाने नोंदवले आहेत. यांपैकी एकाच रांगेतील वचने मोजून दुसरी रांग झाकून ठेवणारा उपदेशक कोणत्याही पक्षाचा असो, तो श्रोत्यांवर अन्याय करतो.

हिप्पोचे बिशप आणि ब्रिटनहून आलेले साधू

या विखुरलेल्या वचनांचा सिद्धान्त बनला तो प्रामुख्याने संत ऑगस्टीन यांच्या हातून. ते 354 ते 430 या काळात होऊन गेले आणि आजच्या अल्जीरियातील अन्नाबा येथे, म्हणजे तेव्हाच्या हिप्पो नगरात, बिशप होते. आरंभी त्यांचे मत वेगळे होते: देव बोलावतो, विश्वास मात्र माणसाने आपल्या बळाने ठेवायचा असतो, असे ते मानत. सुमारे 396 मध्ये मिलानच्या सिंप्लिसियन यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर लिहिताना त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्रातील एका प्रश्नाने अडवले. तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे, असे पौलाने तेथे विचारले आहे. ऑगस्टीन यांनी निष्कर्ष काढला की विश्वाससुद्धा मिळालेलाच असतो.

त्याच काळात रोममध्ये पेलेजियस नावाचे ब्रिटनहून आलेले एक तपस्वी राहत होते. त्यांना नंतर पाखंडी ठरवण्यात आले म्हणून त्यांची प्रतिमा मलिन झाली, पण ते अतिशय कडक चारित्र्याचे गृहस्थ होते आणि रोममधील नावापुरत्या ख्रिस्ती झालेल्या श्रीमंतांचा सैलपणा त्यांना सहन होत नव्हता. ऑगस्टीन यांच्या आत्मकथनातील एक प्रार्थना त्यांच्या कानावर पडली: तू जे आज्ञापितोस ते दे, आणि मग तुला हवे ते आज्ञाप. पेलेजियस यांना हे शब्द असह्य झाले. देवाने आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळण्याची शक्ती माणसात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तसे नसेल तर आज्ञेला आणि शिक्षेलाही अर्थ उरत नाही. 410 मध्ये गॉथांनी रोम लुटले, त्या धामधुमीत पेलेजियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला गेले आणि वाद सर्वत्र पसरला. 418 मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने त्यांची मते नाकारली.

ऑगस्टीन यांची बाजू थोडक्यात अशी होती: माणसाची इच्छा अस्तित्वात आहे, पण ती स्वतःवरच इतकी वाकलेली आहे की तिला देवाची ओढच वाटत नाही. म्हणून कृपा बाहेरून येऊन केवळ मदत करत नाही, तर इच्छेलाच बदलते. ती कोणाच्या ठायी असे काम करील हे देवाच्या निवडीवर आहे. त्यांच्या पश्चात पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने त्यांचे पहिले म्हणणे जवळजवळ पूर्ण स्वीकारले, दुसरे मात्र हातचे राखून. 529 मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथील सभेने विश्वासाचा आरंभही कृपेनेच होतो असे ठरवले, आणि देवाने कोणाला दुष्टपणासाठी नेमले आहे ही कल्पना त्याच दमात धिक्कारली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने तर हा मार्गच धरला नाही. ती आजही कृपा आणि मानवी इच्छा यांच्या सहकार्याची भाषा बोलते.

आधीच माहीत असणे म्हणजे आधीच ठरवणे काय

येथे बहुतेक वाचक एक सुटका सुचवतात. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीपासून माहीत आहे, आणि त्या माहितीनुसार त्याने निवड केली, असे मानले तर काय बिघडते? यातील पहिला भाग सर्वच पंथांना मान्य आहे. तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनस यांनी त्यासाठी उंचावरून रस्ता पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे, आणि ते आपल्याला दिवे घाटावरून सहज कळेल. पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला आपल्या पुढचे आणि मागचे काही जण तेवढे दिसतात. घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वळणावळणांवरची सगळी दिंडी एकाच वेळी दिसते. त्याच्या पाहण्यामुळे कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही. देव काळाच्या बाहेर असल्यामुळे आपल्याला जे भविष्य आहे ते त्याला समोरच दिसते, आणि त्याच्या ज्ञानामुळे आपल्यावर सक्ती होत नाही.

पण एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही, हे अक्वायनस यांनाही ठाऊक होते. घाटमाथ्यावरचा माणूस केवळ प्रेक्षक आहे. देव तर रस्त्याचा, वारकऱ्याचा आणि त्याच्या पायांतील बळाचाही निर्माता आहे. एखाद्याचा विश्वास देवाला आधी दिसला हे खरे, पण तो विश्वास आला कोठून? तो देवानेच दिला असेल, तर आपण पुन्हा त्या दोन भावांपाशी येऊन उभे राहतो. म्हणून अक्वायनस यांनी पूर्वज्ञानाला निवडीचे कारण मानले नाही. प्रॉटेस्टंटांनी ही शिकवण कॅथॉलिकांपासून तोडून स्वतंत्र निर्माण केली, हा समज त्यांच्या लेखनापुढे टिकत नाही.

कॅल्विन यांनी काय सांगितले

जॉन कॅल्विन (1509–1564) यांचे नाव या सिद्धान्ताला कायमचे चिकटले आहे. जिनीव्हातील या धर्मसुधारकाने आपल्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती 1536 मध्ये आणि शेवटची 1559 मध्ये प्रसिद्ध केली. शेवटच्या आवृत्तीत पूर्वनियोजनाचे प्रकरण त्यांनी देवाच्या स्वरूपाच्या चर्चेत घातले नाही. विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांची चर्चा झाल्यावर, तिसऱ्या भागाच्या उत्तरार्धात घातले. ही मांडणी मला महत्त्वाची वाटते. ज्याने विश्वास ठेवला आहे त्याने मागे वळून पाहावे आणि हे आपल्या कर्तृत्वाने घडले नाही हे ओळखावे, अशी ती जागा आहे. स्वर्गातील गुप्त यादीपासून आरंभ करून माणसांची वर्गवारी करावी, असे तिथे अभिप्रेत नाही.

तरीही कॅल्विन अर्ध्यावर थांबले नाहीत. काहींची निवड जशी देवाच्या इच्छेने झाली तसाच इतरांचा अव्हेरही त्याच्याच इच्छेने झाला, असे त्यांनी लिहिले, आणि हा निर्णय धडकी भरवणारा आहे हे स्वतःच कबूल केले. जेरोम बोल्सेक नावाच्या वैद्याने 1551 मध्ये जिनीव्हात उघडपणे आक्षेप घेतला की अशाने देवच पापाचा कर्ता ठरतो. त्यांना अटक झाली आणि शहरातून कायमचे हाकलण्यात आले. आक्षेप खरा होता आणि त्याला दिलेले उत्तर तुरुंगाचे होते, हे या सिद्धान्ताच्या चाहत्यांनीही विसरू नये.

डॉर्टची धर्मसभा

आज ज्याला कॅल्विनवाद विरुद्ध आर्मिनियनवाद म्हणतात, तो वाद नेदरलँड्समध्ये पेटला. याकोबुस आर्मिनियस (1560–1609) हे जिनीव्हातच, कॅल्विन यांचे उत्तराधिकारी बेझा यांच्या हाताखाली शिकलेले होते. अॅमस्टरडॅममध्ये पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू म्हणून पंधरा वर्षे काम केल्यावर ते 1603 मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. देव ज्यांचा विश्वास आधी पाहतो त्यांना ख्रिस्तामध्ये निवडतो, असे त्यांचे मत बनले होते, आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस्कुस गोमारुस यांनी त्यावर कडाडून हल्ला केला. आर्मिनियस वारल्यावर 1610 मध्ये त्यांच्या चाळीसहून अधिक अनुयायी पाळकांनी पाच कलमांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. निवड विश्वासाच्या अटीवर आहे. ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला. कृपेवाचून माणूस कोणतेही खरे चांगले करू शकत नाही. ती कृपा नाकारता येते. आणि विश्वासणारा शेवटी ढळू शकतो की नाही याचा शास्त्रातून आणखी शोध घ्यावा, असा त्यांचा आशय होता. यातील तिसऱ्या कलमाकडे लक्ष द्यावे. आर्मिनियस पेलेजियस यांचे अनुयायी होते, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप त्या एका कलमानेच निकालात निघतो.

वाद धर्मापुरता राहिला नाही. स्पेनशी 1609 मध्ये बारा वर्षांचा युद्धविराम झाला होता आणि देशात दोन तट पडले होते. हॉलंड प्रांताचे मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट आर्मिनियस यांच्या अनुयायांना पाठीशी घालत होते, तर सेनापती प्रिन्स मॉरिस विरोधी पक्षाला जाऊन मिळाले. मॉरिस यांनी ऑगस्ट 1618 मध्ये ओल्डनबार्नेफेल्ट यांना अटक केली, आणि नोव्हेंबरमध्ये डॉर्डरेख्त ऊर्फ डॉर्ट या नगरात धर्मसभा भरली. तिला इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मन संस्थाने आणि स्वित्झर्लंड येथूनही प्रतिनिधी आले होते. आर्मिनियन पाळकांना सभासद म्हणून बोलावले नव्हते. त्यांना आरोपी म्हणून उभे केले होते, आणि जानेवारी 1619 मध्ये त्यांना सभेबाहेर काढण्यात आले. सभेने त्यांच्या पाचही कलमांविरुद्ध निर्णय दिला. सुमारे दोनशे पाळकांची पदे गेली. 13 मे 1619 रोजी, सभेच्या निर्णयांची घोषणा होऊन जेमतेम आठवडा लोटला असताना, 71 वर्षांच्या ओल्डनबार्नेफेल्ट यांचा हेग येथे शिरच्छेद झाला. त्यांचे सहकारी ह्यूगो ग्रोशियस यांना जन्मठेप झाली; दोन वर्षांनी ते पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून आपले विधी महाविद्यालयातील विद्यार्थी ज्यांचे नाव शिकतात, ते हेच.

या रक्तलांछित पार्श्वभूमीमुळे डॉर्टचे निर्णय प्रत्यक्षात वाचलेच जात नाहीत. वाचले तर त्यांतील संयम जाणवतो. ख्रिस्ताचे मरण सर्व जगाच्या पापांना पुरून उरण्याइतके आहे, असे ते म्हणतात. कृपा माणसांना दगडधोंड्यांसारखे वागवत नाही आणि त्यांची इच्छा नष्ट करत नाही, असे म्हणतात. निवड आणि अव्हेर हे दोन्ही एकाच प्रकारे घडतात, ही कल्पना ते शेवटी निषेधपूर्वक नाकारतात. तान्हेपणी वारलेल्या मुलांच्या विश्वासू आईवडिलांनी त्यांच्या निवडीविषयी शंका धरू नये, असे एक स्वतंत्र कलमच त्यांत आहे. ज्या काळात घराघरांतून मुले दगावत होती त्या काळात हे कलम लिहिणाऱ्यांना माणसाचे दुःख कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

हा उघड अन्याय नव्हे काय

सर्वांत प्रबळ आक्षेप हाच आहे, आणि तो पौलाच्याच पत्रात आलेला आहे. निवडवाद्यांचे उत्तर असे: न्याय म्हणजे ज्याला जे द्यायचे ते देणे. सर्व माणसे पापी आहेत, त्यामुळे तारण हा कोणाचाच हक्क नाही. एकाला दया मिळाली म्हणून दुसऱ्याचे काही हिरावले गेले असे होत नाही. तर्क म्हणून हे उत्तर निर्दोष आहे, पण माझे त्याने समाधान होत नाही. देणाऱ्याजवळ तुटवडा असता तर त्याने काहींनाच दिले हे समजले असते. देवाजवळ तुटवडा नाही, हे याच शिकवणुकीतील लोक सर्वांत ठासून सांगतात. म्हणून मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1739 मध्ये या सिद्धान्ताविरुद्ध कडक प्रवचन दिले, तेव्हा त्यांचा आक्षेप देवाच्या अधिकाराला नव्हता. अशा चित्रात देवाचे प्रेम ओळखू येत नाही, हा होता.

विसाव्या शतकात कार्ल बार्ट या स्विस धर्मपंडितांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. 1942 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनात त्यांनी म्हटले की निवडणारा देव आणि निवडलेला माणूस हे दोन्ही येशू ख्रिस्तच आहे, आणि अव्हेरही देवाने क्रुसावर स्वतःवरच ओढवून घेतला. त्यामुळे ख्रिस्ताच्या पाठीमागे दडलेली, त्याच्याहून वेगळ्या मनाची अशी कोणतीही यादी नाही. अशाने सर्वांचेच तारण होते काय, असे त्यांना विचारले जाई. तसा नियम सांगण्याचे त्यांनी टाळले. मला बार्ट यांचा मार्ग शास्त्रातील दोन्ही रांगांना सर्वाधिक न्याय देणारा वाटतो, तरी रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाची धार त्यात थोडी बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

मग उपदेश, प्रार्थना आणि प्रयत्न कशासाठी

हा आक्षेप ऑगस्टीन यांच्या हयातीतच आला. आजच्या ट्युनिशियातील हाद्रुमेटम येथील मठातले काही साधू म्हणू लागले की सर्व कृपेवरच असेल तर मठाधिपतींनी आमची कानउघाडणी करू नये, आमच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. ऑगस्टीन यांनी त्यांना सविस्तर उत्तर लिहिले. देव शेवट ठरवतो तेव्हा त्या शेवटाकडे नेणारी साधनेही ठरवतो. कानउघाडणी, उपदेश आणि प्रार्थना ही ती साधने आहेत. कोण निवडलेला आहे हे आपल्याला कळत नसल्यामुळे प्रत्येकाशी त्याचे तारण व्हावे अशा इच्छेनेच वागले पाहिजे.

हे उत्तर पळवाटेसारखे वाटू शकते, पण इतिहासात त्याची कसोटी लागलेली आहे आणि तिचा संबंध मराठीशी आहे. अठराव्या शतकातील काही इंग्रज बाप्टिस्ट मंडळ्यांत असे मानले जाई की निवडलेल्यांना देव आपण होऊन आणील, सर्वांना आवाहन करण्याची गरज नाही. त्याच पंथातील विल्यम कॅरी निवडीचा सिद्धान्त मानणारेच होते, आणि त्यांनी 1792 मध्ये ही साधने वापरणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे असे लिहून दुसऱ्या वर्षी भारताची वाट धरली. त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी–इंग्रजी कोश 1810 मध्ये निघाला, तर सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्ये बाहेर पडला. निवडीवरचा विश्वास माणसाला निष्क्रिय करतोच असे नाही, याचे याहून ठोस उदाहरण मला माहीत नाही.

मी निवडलेला आहे, हे कसे कळावे

तर्काच्या आक्षेपांपेक्षा हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो माणसांना आतून पोखरतो. वेबर यांनी 1904–05 मध्ये मांडलेले प्रसिद्ध प्रतिपादन याच जागी उभे आहे: निवडीची खूण शोधण्याच्या अस्वस्थतेतून शिस्तबद्ध, काटकसरी आणि अखंड श्रमाचे जीवन घडले, आणि त्या वृत्तीने आधुनिक भांडवलशाहीला हातभार लावला. इतिहासकारांनी या मताच्या अनेक बाजूंवर आक्षेप घेतले आहेत, परंतु ती अस्वस्थता खरी होती. इंग्रज कवी विल्यम कूपर (1731–1800) यांना तीव्र मानसिक आजार होता आणि 1773 पासून आपला अव्हेर झाला आहे अशी त्यांची खात्री पटली होती. इतरांना धीर देणारी भक्तिगीते लिहिणारा हा माणूस स्वतः मात्र त्या धीराबाहेर राहिला. आजार या सिद्धान्तामुळे झाला असे म्हणणे चुकीचे होईल, पण आजाराला बोलायची भाषा त्याने पुरवली.

याविषयी कॅल्विन आणि डॉर्ट या दोघांचाही सल्ला एकच आहे. देवाच्या गुप्त निर्णयात डोकावू नये. कॅल्विन ख्रिस्ताला निवडीचा आरसा म्हणतात: आपण त्याच्याकडे वळलो आहोत काय, एवढेच पाहावे. डॉर्टच्या निर्णयांत पुढे असे सांगितले आहे की ज्यांना आपला विश्वास दुबळा वाटतो त्यांनी अव्हेराच्या उल्लेखाने घाबरू नये, कारण मिणमिणती वात विझवणार नाही असे देवाचे वचन आहे. एखाद्याला आपण अव्हेरलेले असू अशी भीती वाटत असेल, तर ती भीतीच त्याला देव नकोसा झालेला नाही याची साक्ष आहे, असे अनुभवी पाळक सांगत आले आहेत.

निवडलेपणाला श्रेष्ठपण समजले की

सिद्धान्ताचा सर्वांत घातक विपर्यास व्यक्तीऐवजी जमातीच्या बाबतीत होतो. कॅल्विन यांच्या, म्हणजे रिफॉर्म्ड परंपरेतील दक्षिण आफ्रिकेच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने 1857 मध्ये काहींच्या दुर्बलतेचे कारण देऊन गोऱ्या व काळ्या विश्वासणाऱ्यांच्या उपासना वेगळ्या करण्यास मुभा दिली. विसाव्या शतकात वर्णभेदाचे समर्थन करताना तेथील काही आफ्रिकानर, म्हणजे प्रामुख्याने डच वंशाच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी आपला समाज देवाने निवडलेला असल्याची भाषा वापरली. त्याला उत्तरही त्याच परंपरेतून आले. जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या संघाने 1982 मध्ये वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, आणि तेथील मिश्रवंशीय विश्वासणाऱ्यांच्या मंडळीत तयार झालेला बेल्हारचा मतांगिकार, म्हणजे श्रद्धेचे अधिकृत निवेदन, 1986 मध्ये स्वीकारला गेला. अब्राहामाला दिलेले वचन ज्याने वाचले आहे त्याला हा विपर्यास ओळखणे कठीण नाही: एकाची निवड झाली ती सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून.

मराठी मंडळ्यांत हा प्रश्न

आपल्याकडील ख्रिस्ती समाजात या वादाच्या जवळजवळ सर्व शाखा आलेल्या आहेत. गोवा आणि वसई येथील कॅथॉलिकांना ज्या जेझुइट धर्मगुरूंचा वारसा आहे, त्यांच्या संघाचा डोमिनिकन संघाशी कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांवरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला होता. पोप पाचवे पॉल यांनी 1607 मध्ये कोणाच्याही बाजूने निर्णय न देता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका असे बजावून तो थांबवला. 1813 मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचे अमेरिकन मराठी मिशन आणि 1829 मध्ये आलेले जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन, ही दोन्ही कॅल्विन यांच्या परंपरेतील होती. मेथडिस्ट मंडळ्या वेस्ली यांचे मत घेऊन आल्या.

वेस्ली आणि निवडवादी जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे मित्र याच प्रश्नावरून दुरावले होते. पुढे त्यांनी मतभेद राखूनच समेट केला, आणि 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन दिले ते वेस्ली यांनी. बरोबर दोनशे वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची मंडळी, ब्रिटिश मेथडिस्टांची मंडळी, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि इतर एकत्र आले. पवित्र शास्त्राबरोबर प्रेषितांचा आणि नायसियाचा हे दोन प्राचीन मतांगिकार त्यांनी एकीचा पाया म्हणून स्वीकारले. त्या दोन्हींत पूर्वनियोजनाविषयी एकही वाक्य नाही, आणि म्हणून डॉर्टचे म्हणणे पटणाऱ्यालाही व वेस्ली यांचे पटणाऱ्यालाही त्या मंडळीचे सभासद राहण्यास कसलीच आडकाठी येत नाही.